जुन्या डिझेल मोटरहोमचे इंजिन चावी काढूनही बंद होत नाही: सोलेनॉइड बदलावा की आधी वायरिंग तपासावे?

रेवाप्रवासी (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९९०च्या दशकातील मिनीबस आहे. तिची मागची आसने काढून झोपण्याच्या फळ्या, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवलेली आहे आणि कुटुंबाच्या प्रवासासाठी आम्ही ती मोटरहोम म्हणून वापरतो. इंजिन चार सिलिंडरचे साधे डिझेल आहे. टर्बो नाही, पंप रोटरी पद्धतीचा आहे आणि पंपावर १२ व्होल्टचा स्टॉप सोलेनॉइड (डिझेलची वाट उघडणारा-बंद करणारा, विजेवर चालणारा भाग) आहे.

अलीकडे सकाळच्या वेळी चावी बंद केली तरी इंजिन त्याच संथ गतीने चालू राहते. चावी काढून हातात घेतली तरी फरक पडत नाही. दुपारी मात्र ते बहुतेक वेळा लगेच बंद होते. रेस आपोआप वाढत नाही आणि धुराचा रंगही नेहमीसारखाच आहे. सध्या मी टाकीकडून येणारी डिझेलची तोटी बंद करून इंजिन थांबवतो, पण त्याला बराच वेळ लागतो आणि नंतर गाडी हवा धरते, त्यामुळे पुन्हा सुरू करण्याआधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हवा काढावी लागते.

देवास नाक्यावरच्या मेकॅनिकचे मत असे की सोलेनॉइडचा आतला दट्ट्या थंडीत अडकतो, म्हणून नवीन सोलेनॉइड घ्यावा. आम्हाला लवकरच महेश्वर करून पुढे सेंधव्याच्या बिजासन घाटातून धुळे, नाशिक असे जायचे आहे. सोलेनॉइड बदलून हा प्रश्न खरोखर सुटेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ट्रान्सपोर्टनगर

टॉप गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबा आणि क्लच सोडा. इंजिन जागेवर बंद पडेल. आमच्या जुन्या गाड्या वर्षानुवर्षे अशाच बंद केल्या आहेत.

पीथमपूरकर

वरील उपाय अडचणीच्या वेळेपुरता ठीक आहे, परंतु रोजची सवय म्हणून मी त्याला ठामपणे विरोध करीन. प्रत्येक वेळी तो धक्का क्लच प्लेट, गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या माउंटिंगवर बसतो, आणि गाडी उतारावर असेल किंवा ब्रेक थोडे जरी कमी धरत असतील तर समोर उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.

माझे सारे आयुष्य इंजिनांच्या जुळणीत गेले, म्हणून थोडे मुळापासून लिहितो. पेट्रोल इंजिनात चावी बंद केली की स्पार्क प्लगची ठिणगी थांबते आणि इंजिन थांबते. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबली जाते की तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्याही वर जाते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. त्यामुळे एकदा चालू झालेल्या अशा जुन्या इंजिनाला चालत राहण्यासाठी विजेची गरज नसते. त्याला थांबवायचे असेल तर डिझेल तोडावे लागते किंवा हवा तोडावी लागते.

डिझेल तोडण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत. ज्याला आपल्याकडे सरसकट मिको पंप म्हणतात त्या जुन्या इनलाइन पंपावर स्टॉप लिव्हर असतो आणि डॅशबोर्डवरची मूठ ओढली की तारेने तो लिव्हर पंपाच्या रॅकला, म्हणजे डिझेलचे प्रमाण ठरवणाऱ्या दांड्याला, शून्यावर नेतो. रोटरी पंपावर बहुधा सोलेनॉइड असतो. चावी दिल्यावर त्याला करंट मिळतो, दट्ट्या वर उचलला जातो आणि डिझेलची वाट उघडते. चावी बंद केल्यावर करंट तुटतो आणि स्प्रिंग दट्ट्याला खाली ढकलून वाट बंद करते. काही गाड्यांत नेमके उलटे असते, म्हणजे करंट मिळाला की इंजिन थांबते, आणि तिथे फ्यूज उडाला किंवा तार तुटली तर इंजिन बंद होत नाही. आपली गाडी पहिल्या प्रकारची आहे का, ते आधी निश्चित करावे.

पहिल्या प्रकारची असेल तर शक्यता दोनच उरतात. एक तर चावी बंद केल्यावरही सोलेनॉइडला कुठूनतरी करंट मिळत आहे, किंवा करंट तुटूनही दट्ट्या खाली बसत नाही. या दोहोंपैकी कोणती, हे कळल्याशिवाय एक रुपयाचाही सुटा भाग विकत घेऊ नये. चाचणी सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करा, न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा आणि इंजिन संथ चालू असताना सोलेनॉइडवरची तार काढा. तारेचे उघडे टोक बॉडीला लागू देऊ नका, नाहीतर फ्यूज उडेल किंवा वायर जळेल. तार काढताच इंजिन थांबले तर सोलेनॉइड निर्दोष आहे आणि दोष वायरिंगमध्ये आहे. थांबले नाही तर मेकॅनिकचे म्हणणे विचारात घ्यावे.

स्नेहनगरची_वैशाली

एक विनंती करते. इंजिन बंद होत नाही म्हणून ते चालू ठेवून आत मुलांना झोपवू नका, खिडक्या उघड्या असल्या तरीही नाही. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला काही जाणवण्याआधीच घात होतो. सायलेन्सरचा जोड किंवा फरशीची एखादी फट गळकी असली तर धूर थेट आत येतो. मोटरहोममध्ये कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे छोटे यंत्र असायलाच हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

निमाडचा_मळा

आमच्याकडे विहिरीवर जुने एक सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे. त्याचा डीकॉम्प्रेशनचा खटका वर केला की इंजिन दोन-चार फेऱ्यांत शांत होते. मोटरहोमच्या इंजिनाला तसा खटका नसतो का?

पीथमपूरकर

@निमाडचा_मळा, चार सिलिंडरच्या गाडीच्या इंजिनाला सहसा तो नसतो. आपल्या विहिरीवरच्या इंजिनालाही तो खटका हँडल मारून सुरू करताना हात हलका व्हावा म्हणून दिलेला आहे, बंद करण्यासाठी नव्हे. चालत्या इंजिनात व्हॉल्व्ह अर्धवट उघडा धरला तर पेटलेला वायू त्याच्या बैठकीवरून जातो आणि हळूहळू व्हॉल्व्ह जळतो. शिवाय डिझेल फवारले जातच असते, ते न जळता सायलेन्सरमध्ये साचते. पंपावरचा डिझेल बंद करणारा लिव्हर दाबूनच ते इंजिन थांबवावे.

बडोदेकर

चर्चेत आणखी एक पद्धत नोंदवतो, कारण जुन्या गाड्या वापरणाऱ्यांना ती नक्की भेटेल. मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ मालिकेतील डिझेल गाड्या व्हॅक्यूमने बंद होतात. चावी बंद केली की व्हॅक्यूम पंपाकडून आलेली नळी उघडते आणि इंजेक्शन पंपावरचा एक पडदा ओढला जाऊन रॅक शून्यावर जातो. त्याच व्हॅक्यूमवर दारांची कुलुपेही चालतात. त्यामुळे मागच्या दारातील एखादी रबरी नळी फाटली तरी इंजिन बंद होईनासे होते. माणूस पंप खोलत बसतो आणि दोष दाराच्या पत्र्याआड दडलेला असतो. म्हणूनच त्या इंजिनावर हाताने दाबण्यासाठी वेगळा स्टॉप लिव्हर दिलेला असतो.

मला यातून इतकेच सुचवायचे आहे की लक्षण पंपापाशी दिसले तरी कारण पंपातच असेल असे धरून चालू नये.

पीथमपूरकर

बडोदेकर साहेबांनी महत्त्वाचे लिहिले. त्याच घराण्यातील ओएम ६१६ हे इंजिन बजाज टेम्पोने, म्हणजे २००५ पासूनच्या फोर्स मोटर्सने, परवान्याखाली आपल्या देशात बनवले, आणि टेम्पो ट्रॅव्हलर तर आपल्या इंदूरशेजारी पीथमपूरलाच तयार होते. या भागात जुन्या मिनीबस आणि त्यांची जाणकार माणसे अजून सापडतात ती त्यामुळेच. पंप-नोझलच्या दुकानात बसलेला जुना कारागीर हाताशी असताना कोणीही अंदाजाने भाग बदलू नयेत.

सातासमुद्रापार (मूळ ग्वाल्हेर)

मी अमेरिकेत जुने डिझेल मोटरहोम चालवतो. इंजिन मागच्या बाजूला, झोपण्याच्या पलंगाखाली आहे, आणि ते कमिन्सचे ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरचे आहे. त्यावर बॉशचा पी ७१०० हा इनलाइन पंप असून सोलेनॉइड पंपाच्या बाहेर, दांड्याने स्टॉप लिव्हरला जोडलेला असतो. त्याच्या आत दोन कॉइल असतात. सेल्फ मारताना मोठी कॉइल भरपूर करंट घेऊन दांडा ओढते आणि नंतर छोटी कॉइल तो नुसता धरून ठेवते. चावी बंद झाली की स्प्रिंग लिव्हरला बंद स्थितीत नेते. दांड्याचा सांधा गंजला किंवा मातीने जाम झाला तर करंट तुटूनही इंजिन चालू राहते, आणि तिथे वंगण व साफसफाई एवढाच उपाय पुरतो.

इथल्या मोठ्या मोटरहोमना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. त्यामुळे ट्रान्सपोर्टनगर यांचा टॉप गिअरचा उपाय इथे मुळीच चालत नाही, कारण इंजिन आणि चाके यांच्यामध्ये फक्त तेलाचा प्रवाह असतो आणि इंजिन त्यात आरामात फिरत राहते.

ट्रान्सपोर्टनगर

मान्य आहे. मी हाताच्या गिअरच्या, सपाट जागी उभ्या असलेल्या गाडीबद्दल लिहिले होते. ब्रेकवर पूर्ण भरवसा असेल तरच हे करावे, ही पीथमपूरकर काकांची अट मी स्वीकारतो.

पण मेकॅनिकला इतक्यात चुकीचे ठरवू नका. सकाळी अडकतो आणि दुपारी सुटतो, म्हणजे थंडीचा संबंध उघड दिसतो. डिझेलमधला चिकट राळेसारखा थर दट्ट्यावर बसतो, आणि गाडी बरेच दिवस उभी राहत असेल तर तो अधिकच धरतो.

तारयंत्री

मी गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. ट्रान्सपोर्टनगर भाऊंचा तर्क शक्य आहे, पण त्यात एक अडचण आहे. सकाळी जेव्हा इंजिन बंद केले जाते तेव्हा ते आधी काही वेळ चाललेले असते, म्हणजे पंपाचे अंग आणि त्यातून फिरणारे डिझेल कोमट झालेले असते. म्हणून सकाळ आणि दुपार यांत तापमानाखेरीज आणखी काय वेगळे असते, हे मला जाणून घ्यायचे आहे.

रेवाप्रवासी, कृपया या प्रश्नांची उत्तरे द्या. दुपारी चावी बंद करताना केबिनचा ब्लोअर चालू असतो का? मोटरहोम म्हणून गाडी सजवताना दुसरी बॅटरी बसवली का, आणि ती डायनॅमोवर चार्ज होते का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, इंजिन सुरू करण्याआधी नुसती चावी फिरवली असता डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागतो का?

रेवाप्रवासी (इंदूर)

सर्वांचे मनापासून आभार. तारयंत्री भाऊ, दुपारच्या उन्हात ब्लोअर जवळजवळ नेहमी चालू असतो, सकाळी कधीच नसतो. मागच्या भागातील दिवे, पंखा आणि छोटा फ्रिज यांसाठी एका वर्कशॉपकडून दुसरी बॅटरी बसवून घेतली आहे. गाडी चालू झाली की एका रिलेमार्फत (बारीक तारेच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या विजेच्या स्विचमार्फत) ती मुख्य बॅटरीला जोडली जाते आणि चार्ज होते. बॅटरीचा लाल दिवा हल्ली लागतच नाही. त्याचा बल्ब गेला असावा असे आम्ही धरून चाललो होतो.

तारयंत्री

मग बहुतेक उलगडा झाला. बल्ब बहुधा शाबूत असेल.

तो लाल दिवा चावीची तार आणि डायनॅमोचे डी प्लस टोक यांच्यामध्ये असतो. चावी दिली की एका बाजूला १२ व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला जवळपास शून्य, म्हणून तो पेटतो. डायनॅमो फिरून वीज तयार करू लागला की दोन्ही बाजूंना सारखाच दाब येतो आणि तो विझतो. आता दुसऱ्या बॅटरीच्या रिलेला इशारा द्यायला एक बारीक तार लागते. ती चावीवरून घेता येते किंवा डी प्लसवरून. माझा अंदाज असा की आपल्या गाडीत रिलेच्या त्याच टोकावर दोन्ही तारा एकत्र बांधल्या गेल्या आहेत. तसे झाले की दिव्याच्या दोन्ही बाजू थेट जोडल्या जातात आणि तो कधीच पेटत नाही.

यातून पुढे काय होते ते पाहा. आपण चावी बंद करता तेव्हा इंजिन अजून फिरत असते, म्हणून डायनॅमोही फिरत असतो. डी प्लसवर साधारण १४ व्होल्ट असतात. ते रिलेच्या टोकावरून उलटे चावीच्या तारेत शिरतात आणि तिथून सोलेनॉइडला पोहोचतात. सोलेनॉइडला साधारण एक अँपिअर पुरतो, तेव्हा दट्ट्या वरच राहतो, डिझेल चालू राहते, इंजिन डायनॅमोला फिरवत राहते आणि डायनॅमो सोलेनॉइडला. चावीचा या फेऱ्याशी काही संबंधच उरत नाही.

आता ब्लोअर. तो त्याच चावीच्या तारेवर असेल तर सोलेनॉइडपेक्षा कितीतरी जास्त करंट मागतो. डी प्लसचे टोक आतल्या छोट्या डायोडवर (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांवर) चालते आणि त्याला एवढा भार पेलत नाही. दाब खाली कोसळतो, सोलेनॉइड दट्ट्या सोडतो आणि इंजिन थांबते. म्हणून दुपारी थांबते आणि सकाळी थांबत नाही.

हा अंदाज खोटा ठरवण्याची संधीही देतो. भर दुपारी, इंजिन पूर्ण गरम असताना, ब्लोअर बंद करून चावी बंद करा. इंजिन थांबले तर मी चुकलो.

ट्रान्सपोर्टनगर

गरम इंजिन आणि बंद ब्लोअर ही चाचणी पटली. तसे असूनही चालू राहिले तर थंडीचा तर्क मी मागे घेईन.

स्नेहनगरची_वैशाली

मला विजेचे फारसे समजत नाही, तरी हा फेरा समजला. मग चालत्या गाडीत रेस आपोआप वाढते आणि इंजिन कशानेच थांबत नाही, असे ऐकते ते हेच का?

पीथमपूरकर

नाही, वैशालीताई, आणि हा फरक प्रत्येक डिझेल गाडीवाल्याने लक्षात ठेवायला हवा. रेवाप्रवासी यांचे इंजिन संथ गतीने, गव्हर्नरच्या (पंपातील गती आवरणाऱ्या भागाच्या) ताब्यात चालते आहे. आपण म्हणता त्या प्रकारात इंजिन पंपाच्या डिझेलवर नव्हे, तर हवेच्या वाटेने आत आलेल्या इंधनावर चालू लागते. टर्बोचे सील फुटून ऑइल आत जाते, किंवा ऑइल पातळीपेक्षा जास्त भरल्यामुळे ते ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) हवेच्या वाटेत ओढले जाते. मग रेस वाढतच जाते, पांढऱ्या-निळ्या धुराचे लोट निघतात, आणि सोलेनॉइड काढा नाहीतर तोटी बंद करा, काही उपयोग होत नाही, कारण पंप त्या खेळात राहिलेलाच नसतो.

अशा वेळी हवा तोडणे हाच उपाय आहे. एअर इनटेकचे तोंड जाड सपाट फळीने दाबून बंद करावे, किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक नळकांडे इनटेकमध्ये मारावे. तळहात किंवा कापड कधीही लावू नये. हात खेचला जाऊन गंभीर इजा होते आणि कापड आत ओढले जाते. आणि इंजिनाची गती फार वाढलेली असेल तर त्याच्या जवळ जाऊच नये, आधी माणसे दूर न्यावीत. गाडीपेक्षा माणूस मोठा आहे.

रेवाप्रवासी (इंदूर)

चाचण्या झाल्या. गरम इंजिन, ब्लोअर बंद, चावी बंद: इंजिन चालूच राहिले. त्याच स्थितीत ब्लोअर सुरू केला, तो चावी बंद असूनही फिरू लागला आणि क्षणात इंजिन थांबले. नंतर पुन्हा सुरू करून पीथमपूरकर काकांनी सांगितल्याप्रमाणे सोलेनॉइडची तार काढली, तेव्हा इंजिन तत्काळ बंद झाले. म्हणजे दट्ट्या व्यवस्थित खाली बसतो आहे.

त्यानंतर रिलेचा डबा उघडला. एकाच थिंबलमध्ये (तारेच्या टोकावरच्या धातूच्या टोपीत) दोन तारा दाबलेल्या होत्या. एक चावीच्या बाजूने आलेली आणि दुसरी डायनॅमोकडून. डायनॅमोकडची तार वेगळी करून तिचे टोक टेपने बंद केले, आणि आता चावी बंद केली की ब्लोअर चालू असो वा नसो, इंजिन लगेच थांबते. चावी फिरवल्यावर लाल दिवाही लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो. दुसरी बॅटरीही पूर्वीप्रमाणे चार्ज होते. सोलेनॉइड विकत घेतलेला नाही.

तारयंत्री

फार बरे वाटले. आता दोन गोष्टी अवश्य करा. डायनॅमोकडच्या त्या तारेचे टोक नुसत्या टेपवर सोडू नका. गरमीने टेप सुटतो आणि ते टोक बॉडीला लागले तर डायनॅमोतले डायोड जातील. ती तार मूळ जोडापासूनच काढून टाका. आणि इतके दिवस त्या छोट्या डायोडनी नेमून दिलेल्यापेक्षा जास्त भार ओढला आहे, तेव्हा प्रवासाआधी चार्जिंग मोजून घ्या. इंजिन थोड्या रेसवर असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट मिळायला हवेत. बरेच कमी मिळत असतील तर डायनॅमो खोलून पाहावा लागेल.

पीथमपूरकर

माझी एक सूचना जोडतो. अनेक रोटरी पंपांवर सोलेनॉइडशिवाय हाताने फिरवायचा छोटा स्टॉप लिव्हरही असतो. आपल्या पंपावर तो असल्यास त्याला एक केबल जोडून मूठ डॅशबोर्डवर आणा. बिजासन घाटात ट्रकांच्या रांगेत उभे असताना काही बिघडले, तर डिझेलच्या तोटीपर्यंत सरपटत जाण्यापेक्षा हाताशी असलेली मूठ लाख मोलाची. तोटी बंद करून इंजिन थांबवण्याची सवय मात्र सोडा. रोटरी पंपाचे वंगण म्हणजे त्यातून वाहणारे डिझेलच आहे, आणि तो वारंवार कोरडा चालला तर आतले भाग झिजतात.

महूकर

माझी अडचण याच जातीची आहे म्हणून इथेच विचारतो. माझ्या जुन्या जीपमध्ये सोलेनॉइडची तार पूर्ण काढली तरी इंजिन चालूच राहते. मीटरने पाहिले तर तिथे करंटही नाही. मागे एकदा घाटात गाडी सुरू होत नव्हती, तेव्हा रस्त्याकडेच्या मेकॅनिकने काहीतरी करून ती सुरू करून दिली होती.

पीथमपूरकर

@महूकर, मग तो सोलेनॉइड पान्याने उघडून पाहा. त्याआधी आजूबाजूची माती ब्रशने साफ करा, कारण धुळीचा एक कणही पंपात जाता कामा नये. सोलेनॉइड जळला की गाडी सुरू व्हावी म्हणून आतला दट्ट्या आणि स्प्रिंग काढून टाकण्याची रस्त्यावर सर्रास पद्धत आहे. त्या वेळी गाडी घरी पोहोचते, पण डिझेल थांबवणारे काहीच उरत नाही. आत दट्ट्या नसेल तर नवीन सोलेनॉइड दट्ट्या, स्प्रिंग आणि ओरिंगसह बसवा. दट्ट्या जागेवर असेल, तर तो डिझेलने धुऊन बोटाने हलका सरकतो का आणि त्याच्या टोकावरचे रबर शाबूत आहे का, ते बघून इथे कळवा.